उतरलेले वजन टिकवायचे कसे?

जयंतीची मिरवणूक काढणे आपल्या समाजाला उत्तम जमते. महिनाभर आधीपासून वर्गणी, मंडप, निळे झेंडे, लेझीम यांची धांदल असते. १४ एप्रिलला वस्तीतले लहानथोर सगळे रस्त्यावर असतात. पण त्याच वस्तीत दर रविवारी सकाळी वंदनेला किती जण येतात, हे विहाराची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना विचारावे. मिरवणुकीला कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु विहार वर्षभर उघडे राहते ते रविवारच्या त्या दहा-बारा माणसांमुळे. वजनाचेही असेच आहे. वजन उतरवणे ही जयंती, आणि उतरलेले वजन टिकवणे ही रविवारची वंदना. पहिलीला उत्साह पुरतो. दुसरीला नेम लागतो.

हा विषय आपल्या साप्ताहिकात कशाला, असे कुणी म्हणेल. पोट कमी करणे हे श्रीमंतांचे चोचले, असे आपल्याकडे अजूनही बोलले जाते. म्हणून थोडे घरचे सांगतो. आमचे वडील मोंढ्यात हमाली करीत. पोती वाहून त्यांची पाठ दगडासारखी झाली होती. व्यायाम हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही आणि त्याची गरजही नव्हती. पन्नाशीनंतर काम सुटले, जेवण मात्र तेवढेच राहिले. मधुमेह आला, पण तो बराच काळ कळला नाही. पायात खिळा घुसल्याचे निमित्त झाले, जखम चिघळली आणि उजवा पाय घोट्याच्या वर काढावा लागला. ज्या पायांनी चार लेकरांची शिक्षणे ओढली, त्यांतला एक गेला. पुढची सहा वर्षे ते ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत असत.

आम्ही त्यांचा मुलगा बी.कॉम. झालो आणि कचेरीत खुर्चीवर बसलो. ही खुर्ची सहजासहजी मिळालेली नाही, तिचा आम्हांला अभिमान आहे. पण शरीराच्या जमाखर्चात तिने मोठा फरक केला, हे खरे. आपल्या अनेक घरांत पगार आणणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. त्या एका पगारावर धाकट्याचे शिक्षण, बहिणीचे लग्न, गावाकडच्या आईचे औषध असे सगळे चालते. असा माणूस पंचेचाळीस-पन्नासाव्या वर्षी अंथरुणाला खिळला की सगळे घर एक पिढी मागे जाते. बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि त्यांच्याहूनही जास्त लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हा हा विषय चोचल्यांचा राहिलेला नाही.

आम्हीही त्याच उंबरठ्यावर होतो. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन ८४ किलो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीत आकडा ६.३ आला. ५.७ पासून ६.४ पर्यंत उंबरठा समजतात आणि त्यापुढे मधुमेह. डॉक्टरांनी गोळी न देता वजन उतरवायला सांगितले. दहा महिन्यांत १२ किलो उतरले. त्याला आता तीन वर्षे झाली आणि काटा ७१ ते ७४ यांच्या दरम्यान फिरतो आहे. पुस्तकाच्या हिशेबाने अजूनही हे वजन जास्तच आहे. पण ते टिकले आहे. कसे टिकले, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वजन उतरल्यावर ते परत का येते? आमच्या ओळखीतील एका तरुण शिक्षकाने लग्नाआधी जिम लावून चार महिन्यांत पंधरा किलो वजन उतरवले. पुढे लग्न झाले, बदली झाली, जिम सुटली आणि दीड वर्षात सतरा किलो परत आले. लोक त्याला आळशी म्हणाले. आळशी हा शिक्का आपल्या लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या फार स्वस्तात मारला गेला आहे, म्हणून या बाबतीत तरी तो मारण्यापूर्वी शास्त्र काय म्हणते ते पाहावे. शरीर हलके झाले की त्याचा रोजचा खर्चही घटतो. कारण ८४ किलो वाहून नेण्यापेक्षा ७२ किलो वाहायला कमी इंधन लागते. शिवाय भूक वाढते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, आहार कमी करून वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तात भूक वाढवणाऱ्या द्रव्यांचा जोर वर्ष उलटल्यानंतरही कायम होता. म्हणजे शरीर जणू दुष्काळ पडला असे समजून गेलेले परत मिळवण्याच्या खटपटीत असते. हा चारित्र्याचा दोष नव्हे. पण म्हणूनच चार महिन्यांच्या धडाक्याने भागत नाही. शरीराची खटपट जितकी लांब, तितका आपला नेमही लांब हवा.

आता असा नेम कसा असावा, हे सांगायला दूर जायला नको. तथागतांच्या काळातील दोन कथा पाहा. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. राजा द्रोणभर भात खात असे. एकदा जेवून, धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला भोजनात मात्रा ओळखण्याचा उपदेश एका छोट्या गाथेतून केला. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी ती म्हणून दाखवण्यासाठी शंभर कहापणांचे वेतन ठरवून दिले. राजाचे जेवण हळूहळू कमी होत एका नाळीच्या मापावर स्थिरावले आणि त्याचे शरीर हलके झाले. या कथेत आम्हांला दोन शब्द फार मोलाचे वाटतात. एक ‘हळूहळू’ आणि दुसरा ‘रोज’. राजाने एका उपदेशावर विसंबून न राहता रोज आठवण करून देणारा माणूस जवळ ठेवला.

दुसरी कथा सोण कोळिविसाची. हा श्रीमंत घरचा, कोमल पायांचा तरुण भिक्खू झाला आणि साधनेच्या ईर्ष्येने इतके चंक्रमण करू लागला की त्याच्या तळपायांतून रक्त आले. मग निराश होऊन घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर नीट वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी वाजत नाही. पहिल्या आठवड्यात रोज दहा किलोमीटर धावणारे आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसणारे आपल्या ओळखीचे सगळे लोक आम्हांला या कथेत दिसतात. ज्याने घरी परत जावेसे वाटते तो नेम जास्त ताणलेला आहे, असे खुशाल समजावे.

चंक्रमण म्हणजे ठरावीक जागेत येरझाऱ्या घालणे. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची ताकद येते, रोग कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते आणि चालताना मिळालेली चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवली तरी शोभेल.

आमचा नेम असा आहे. आठवड्यातील पाच दिवस सकाळी साडेपाचला ३५ मिनिटे भरभर चालणे. भरभर म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतके. रोज रात्री जेवणानंतर पत्नीसह १२ मिनिटे शतपावली. रविवारी आणि बुधवारी पंधरा मिनिटे ताकदीचा व्यायाम. त्यात खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दहा दंड, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन अंगणात फेऱ्या, असे सगळे तीन वेळा. वजन उतरताना चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात, म्हणून ही भरपाई आवश्यक आहे. या कशालाही पैसा लागत नाही. एक चांगला बूट मात्र घ्यावा, तिथे काटकसर करू नये.

जमाखर्च शिकलेल्या माणसाला बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही. सकाळचे ३५ गुणिले पाच म्हणजे १७५ मिनिटे. रात्रीची ८४ मिनिटे संथ चालीची असतात, म्हणून ती निम्मीच जमा धरतो, म्हणजे ४२. एकूण २१७. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. उतरलेले वजन टिकवायचे असेल तर २०० मिनिटांच्या पुढे असावे, असे क्रीडावैद्यकातील जाणकार सांगतात. त्या रेषेच्या थोडे वर आम्ही आहोत आणि तेवढे पुरते. मोबाइलवर रोज दहा हजार पावले भरलीच पाहिजेत, या धास्तीत कुणी राहू नये. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. सहा हजार भरली म्हणून दिवस वाया गेला, असे मुळीच नाही.

नेम टिकण्याचे खरे मर्म मात्र मिनिटांत नाही. ते जागेत, सोबतीत आणि वाईट दिवसाच्या तयारीत आहे.

जागेचे आधी सांगतो. आमच्या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नागसेनवनाचा परिसर चालायला सुंदर आहे. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या त्या भूमीवर पहाटे पाऊल टाकताना कुणालाही बरे वाटेल. पण आमच्या वस्तीपासून ते दूर आहे. सहा किलोमीटर गाडीवर जायचे आणि तीन किलोमीटर चालायचे, हा व्यवहार आठवड्यातून एखाद्या वेळी ठीक. रोजची जागा उंबऱ्याबाहेरच हवी. आम्ही विहाराभोवतीचे मैदान धरले. पाऊस असेल तर विहाराच्या सभागृहात चालतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत ते चाळीस फूट आहे. जाऊन येऊन एक फेरी धरली तर अर्ध्या तासात सुमारे ऐंशी फेऱ्या होतात. चप्पल बाहेर, मोबाइल बाहेर आणि तोंड बंद. चंक्रमणाचा पाचवा लाभ आम्हांला तिथेच कळला.

सोबतीचे त्याहून महत्त्वाचे. सुरुवातीला आम्ही तिघे होतो. वस्तीतल्या बायाबापड्यांना बोलावले तेव्हा एका आजींनी आम्हांला चांगलेच सुनावले. “भाऊ, मी उभ्या जन्मात चाललेच की! विटा डोक्यावर घेऊन चार-चार मजले चढले. आता म्हातारपणी हौसेनं चालायचं व्हय?” आजींचे म्हणणे खोटे नव्हते. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टात ओझे मुकादम ठरवतो, विसावाही तोच ठरवतो. व्यायामात दोन्ही आपण ठरवतो. आम्ही म्हणालो, “आजी, इतकी वर्षं दुसऱ्यासाठी चाललात, आता अर्धा तास स्वतःसाठी चाला.” त्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मात्र पदर खोचून मैदानात हजर! त्यांच्यामागून दोन सुना आल्या, मग शेजारच्या ताई आल्या. एकट्या बाईने पहाटे चालायला निघणे आपल्याकडे अजून सोपे नाही. टोमणे असतात, कुत्री असतात, अंधार असतो. पण आजी पुढे असल्या की टोमणे मारणाऱ्यांची छाती होत नाही. घरकाम हाच आमचा व्यायाम, असे म्हणणाऱ्या भगिनींनाही सांगावेसे वाटते की, घरकामाने माणूस थकतो खरा, पण छाती भरून येईल अशी सलग चाल त्यात मिळत नाही. ती अर्धा तास मिळावी यासाठी घरातल्या पुरुषांनी तेवढा वेळ चहाचे आणि डब्याचे पाहावे. समतेची सुरुवात चुलीपासून झालेली बरी.

आज आजींचा दंडक असा की, साडेपाचला कुणी दिसले नाही की त्या दाराशी येऊन हाक मारतात, “उठलास का रे बाबा? उजाडलं की!” पसेनदी राजाला सुदस्सनासाठी रोज शंभर कहापण मोजावे लागले. आम्हांला आजी फुकट मिळाल्या.

तिसरी गोष्ट वाईट दिवसाची. नेम मोडतो तो चांगल्या दिवशी नव्हे. मार्चअखेरीला हिशेब बंद करायचे असतात, घरी यायला रात्रीचे दहा वाजतात. एप्रिलमध्ये जयंतीच्या बैठका असतात. कुणाचे तरी दवाखान्याचे काम, कुणाचा दाखला, कुणाची पोलीस ठाण्यात फेरी. कार्यकर्त्याचा दिवस त्याच्या हातात नसतो. त्यासाठी आम्ही दहा मिनिटांचा नियम केला आहे. काहीही झाले तरी दहा मिनिटे चालायचेच. मग ते कचेरीच्या व्हरांड्यात असो, बसस्थानकावर गाडीची वाट पाहताना असो, की दवाखान्याच्या आवारात. दहा मिनिटांत फार काही जळत नाही, हे आम्ही जाणतो. पण त्यामुळे ‘आज झाले नाही’ हे वाक्य वहीत लिहावे लागत नाही. सलग तीन दिवस ते वाक्य लिहिले गेले की चौथ्या दिवशी वहीच उघडली जात नाही. मोठा नेम अधूनमधून पाळण्यापेक्षा छोटा नेम न मोडता पाळणे हेच टिकाऊ.

वहीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. दर रविवारी सकाळी, वंदनेला जाण्यापूर्वी, आम्ही वजन करतो आणि तारीख घालून लिहितो. अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी १९९४ साली एक नोंदणी सुरू केली. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते किमान वर्षभर टिकवलेल्या माणसांचीच नावे तिच्यात घेतात. अशा हजारो माणसांकडे पाहता असे दिसले की, त्यांतले बहुतेक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, त्यात चालणेच सर्वाधिक, आणि बरेच जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. आमची मर्यादा ७४ आहे. काटा त्यापुढे गेला तर आम्ही घाबरत नाही, उपासही करत नाही. तो आठवडा रात्रीचा भात अर्धा आणि शतपावली दुप्पट. किर्द रोज लिहिली की वर्षअखेरीला तूट शोधत बसावे लागत नाही.

खाण्याविषयी फार लिहीत नाही. तो वेगळा विषय आहे. पण एक हिशेब ध्यानात असावा. एका वडापावात साधारण तीनशे उष्मांक असतात आणि ते खर्च करायला तासाभराहून अधिक चालावे लागते. म्हणजे केवळ चालून खाण्याची फेड होत नाही. आपल्या कार्यकर्त्यांचा खरा शत्रू चहा आहे. दिवसाला सात-आठ घरी जायचे, प्रत्येक घरी आग्रहाचा गोड चहा. नाही म्हटले तर माणूस दुखावतो आणि आपल्या समाजात हातचा चहा नाकारणे याला फार जुना, कडू अर्थ आहे. म्हणून आम्ही चहा कधीच नाकारत नाही. “ताई, बिनसाखरेचा, अर्धा कप” एवढेच म्हणतो. आता लोकांना सवय झाली आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी भूक पाहिली त्यांना ताटात अन्न टाकवत नाही, हेही आम्ही समजतो. त्यांना उपदेश करू नये, वाढतानाच थोडे कमी वाढावे. आणि कुणाच्या सुटलेल्या पोटावर चारचौघांत विनोद तर कधीच करू नये. लाजेने घराबाहेर पडलेले पाऊल फार दूर जात नाही.

काही गोष्टी सावधगिरीच्या. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच चालण्याचे प्रमाण वाढवावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. रोज रात्री तळपाय पाहावेत. फोड, भेग, जखम दिसली तर अंगावर काढू नये. चालताना छातीत दाटले, दम लागून उभे राहवेना, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सकाळी सातनंतर चालू नये.

शेवटी एक विनंती. आपल्या विहारांत बुद्धरूप आहे, बाबासाहेबांची प्रतिमा आहे, कुठे कुठे वाचनालयही आहे. त्यांच्या जोडीला कोपऱ्यात एक वजनकाटा आणि एक वही ठेवावी. हजार-दीड हजार रुपयांचे काम आहे, जयंतीच्या वर्गणीतून सहज होईल. रविवारी वंदना झाल्यावर ज्याला वाटेल त्याने वजन करावे, आकडा स्वतःपुरता लिहावा आणि सगळ्यांनी मिळून मैदानाला चार फेऱ्या माराव्यात. सुरुवातीला तीन माणसे आली तरी चालतील. आम्हीही तिघेच होतो. आमचे वडील ओट्यावरून ज्या रस्त्याकडे पाहत बसत, त्याच रस्त्यावरून आज पहाटे सतरा-अठरा माणसे चालत जातात.

जयभीम! नमो बुद्धाय!